निळे कॅन आणि त्यांच्यावर नाव घालायला लागलेले तीन महिने

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका प्लेटिंगच्या युनिटमध्ये, म्हणजे धातूच्या पार्टवर जस्ताचा-क्रोमचा थर चढवतात तिथे, लॅबला आहे, बीएस्सी केमिस्ट्री, आठ वर्षं झाली. आमच्याकडे झिंक सायनाइडची लाइन आहे आणि हार्ड क्रोमच्या दोन टाक्या, सगळं जॉबवर्क, बहुतेक गाड्यांचे पार्ट, माणसं पन्नासच्या आतच. गेल्या आठवड्यात सातपूरच्या एका ओळखीच्या ताईंचा फोन आला की तुम्ही केमिकलच्या लेबलिंगचं काम केलं ना, आमच्याकडे पण करायचंय, फॉरमॅट पाठव. पाठवला. पण नुसता फॉरमॅट पाठवून काही होत नाही हे मला माहितीय, आमच्याकडे पण फॉरमॅट फाइलीत होताच की, म्हणून कसं कसं झालं ते सगळं लिहितेय.

सुरुवात दसऱ्यापासून. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते, आदल्या दोन दिवसांत सगळी साफसफाई, पाइप लावून फरशी धुतात, रॅक पुसतात, झेंडूच्या माळा. तर त्या वर्षी पोरांनी मनापासून सफाई केली आणि केमिकलचे जेवढे निळे कॅन होते, ते ३५ लिटरचे प्लास्टिकचे येतात ना, ते सगळे साबणाच्या पाण्याने घासून स्वच्छ केले आणि शेडच्या मागे भिंतीला एका ओळीत लावून ठेवले. बघायला इतकं छान दिसत होतं की साहेबांनी पोरांना शाबासकी दिली, मी पण दिली. आणि कॅनवर मार्करने जे काही लिहिलेलं होतं ते घासण्यात गेलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर कॅन जागेवरून ओळखायचे, दरवाजाजवळचे एचसीएल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, ईटीपीच्या (सांडपाणी साफ करायच्या प्लांटच्या) बाजूचे हायपो, कोपऱ्यातले जुने. नाव वाचत कोणीच नव्हतं.

दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी ईटीपीवरच्या पोराने, तो बिहारचा, वय असेल बावीस-तेवीस, ओळीतला एक कॅन उचलला आणि हायपोच्या डोसिंग टाकीत ओतायला घेतला. टाकीत आधीचं थोडं हायपो होतं. कॅनमध्ये एचसीएल होतं. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात ॲसिड गेलं की क्लोरीन वायू सुटतो, लगेच, वाट बघत नाही. मी लॅबमध्ये होते, खोकल्याचा आवाज आला आणि मागोमाग तो वास, स्विमिंग टँकच्या वासाच्या शंभर पट म्हणा. पोरगा कॅन टाकून बाहेर पळाला होता म्हणून वाचला, अर्ध्याच्या आत ओतलं गेलं होतं. डोळे लाल, श्वास लागलेला, हॉस्पिटलला नेलं, रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. आठ-दहा दिवस त्याला जिना चढताना दम लागायचा.

मला त्या रात्री झोप लागली नाही आणि ती क्लोरीनमुळे नाही. डोसिंग टाकीच्या शेजारी पाच फुटांवर सायनाइडच्या पाण्याची टाकी आहे. त्या पाण्यात आम्ही कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, ॲसिडच्या उलट, अल्कली) टाकून पीएच १० च्या वर ठेवतो आणि मग हायपो देतो, तेव्हा सायनाइड मोडतं. कधी कधी डोसिंग पंप चोक झाला की पोरं कॅन उचलून थेट त्या टाकीत ओततात, मला माहीत होतं, मी पाहिलेलं होतं. त्या दिवशी पंप चालू होता एवढंच. पंप बंद असता तर ॲसिड सायनाइडच्या पाण्यात गेलं असतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटला असता. त्याचा कडू बदामासारखा वास येतो असं सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण बऱ्याच माणसांना तो वास येतच नाही, जन्मतःच येत नाही. पळायला सुद्धा कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं मला हे काम करायचंय, लॅबचं काम सांभाळून करते, पण मला कोणी मध्ये थांबवायचं नाही. ते हो म्हणाले. घाबरले होते ते पण.

पहिलं काम मोजणी. वही घेतली आणि स्टोअरपासून सुरू केलं, स्टोअरच्या काकांना बरोबर घेतलं. मला वाटलं होतं एका दिवसात होईल, चार दिवस लागले. कारण कॅन आणि ड्रम मोजणं सोपं, पण मग प्रत्येक टाकीजवळ एक बादली, बादलीत एक मग, कठड्यावर कोल्डड्रिंकच्या बाटलीत काहीतरी, मेंटेनन्सच्या कपाटात थिनर पाण्याच्या बाटलीत, जिग (पार्ट टांगायचे हूक) साफ करायला नायट्रिक ॲसिड एका डब्यात, तो डबा कधीतरी लोणच्याचा असणार, झाकणावर अजून कैरी होती. एकूण १४६ भांडी निघाली. सप्लायरकडून आलेल्या मूळ ड्रमवर आणि पिशव्यांवर नाव होतंच, बहुतेकांवर चित्रं पण होती. नाव नव्हतं ते आपण आपल्या हाताने ओतून घेतलेल्यावर. म्हणजे केमिकल जसजसं माणसाच्या जवळ येत होतं, ड्रममधून कॅनमध्ये, कॅनमधून मगमध्ये, तसतसं नाव गळत होतं. मी त्या वहीत हे वाक्य तेव्हाच लिहून ठेवलंय.

२३ कॅन असे निघाले की आत काय आहे कोणालाच सांगता येईना. इथे एक सांगते, झाकण उघडून वास घ्यायचा नाही. स्टोअरच्या काकांनी सवयीने नाक नेलं, मी ओरडलेच, "काका, थांबा!" ते म्हणाले, "ताई, पंचवीस वर्षं असंच ओळखतोय." मी म्हटलं, "म्हणूनच थांबा." मोकळ्या जागेत, चष्मा, ग्लोव्ह्ज, काचेच्या कांडीने एक थेंब पीएच पेपरवर. पेपर लाल झाला तर ॲसिड, मग थोडं पाण्यात पातळ करून सिल्व्हर नायट्रेटने दह्यासारखा पांढरा साका आला तर एचसीएल, बेरियम क्लोराइडने पांढरा आला तर सल्फ्युरिक, क्रोमिक तर रंगावरूनच कळतं. पेपर निळा झाला तर जास्त सांभाळून, कारण कॉस्टिक, डिग्रीझर (तेल-ग्रीस काढायचं), हायपो आणि सायनाइडचं द्रावण हे सगळे अल्कलीच आहेत. पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा पेपर लावला आणि तो गडद निळा पडला की हायपो समजायचं. बाकी राहिले त्यांच्या पुढच्या टेस्टला ॲसिड घालावं लागतं आणि आत सायनाइड असेल तर तेच करायचं नाही. असे चार कॅन राहिले. ते चारही सायनाइडच आहेत असं धरून मी लाल टॅग लावला, "सायनाइड समजा, ॲसिड जवळ नको", आणि घातक कचऱ्यात पाठवले. साहेब म्हणाले, कदाचित चांगलं डिग्रीझर असेल, फुकट जाईल. जाऊ दे म्हटलं.

मग डेटा शीट. प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट असते, १६ भागांची, दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात साठवण, दहाव्यात कशाबरोबर ठेवू नये. १९८९ चे घातक रसायनांचे जे केंद्राचे नियम आहेत त्यातल्या नियम १७ मध्ये स्पष्ट आहे की डेटा शीट असली पाहिजे आणि प्रत्येक भांड्यावर आतल्या मालाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि त्याचे गुणधर्म असले पाहिजेत, भांडं फार लहान असेल तर टॅग लावा, पण लावा. हे नियम हवेतून आलेले नाहीत. १९८४ च्या डिसेंबरात २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री भोपाळला जे झालं त्यानंतर आले, कारखाना कायद्यात १९८७ ला दुरुस्ती झाली, कामगाराला धोक्याची माहिती द्यायलाच हवी हे तेव्हा ४१बी कलमात घातलं गेलं. भोपाळला हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना पण कळत नव्हतं की लोकांच्या छातीत नेमकं काय गेलंय. मी ते कॉलेजमध्ये शिकले होते, पण स्टोअरच्या मागे बिनानावाच्या कॅनच्या ओळीसमोर उभं राहिल्यावर ते वेगळं वाटतं.

शीट मिळवायला तीन आठवडे गेले. मोठ्या कंपन्यांचा माल होता त्यांच्या एका मेलवर आल्या. लोकल ट्रेडरचं वेगळं, ते टँकरने घेऊन कॅनमध्ये भरून विकतात, एकाने दोन पानांची पाठवली, एकाने दुसऱ्याच ॲसिडची पाठवली आणि वर विचारलं, एवढं कशाला लागतंय. झिंकला चमक आणायला जो ब्राइटनर घालतात त्याचं तर नावच नुसता नंबर, तिसऱ्या भागात जिथे आत काय काय आहे ते असतं तिथे "गोपनीय मिश्रण". मी त्यांच्याशी महिनाभर भांडत होते. फॉर्म्युला सांगू नका, पण डोळ्यात गेलं तर काय करायचं ते तरी सांगा.

आता लेबलची भाषा, यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि मला वाटतं खरं काम हेच होतं. आधी नाव. तुम्हाला वाटेल नाव काय, नाव म्हणजे नाव. पण आमच्याकडे "हायपो" म्हणजे ईटीपीवर सोडियम हायपोक्लोराइट, आणि लॅबमध्ये माझ्या टायट्रेशनच्या (द्रावणात काय किती आहे ते मोजायच्या टेस्टच्या) रॅकवर जी बाटली होती तिच्यावर पण "हायपो" लिहिलेलं, ते सोडियम थायोसल्फेट, आम्ही केमिस्ट लोक त्याला पहिल्यापासून हायपोच म्हणतो. एकाच छताखाली दोन हायपो आणि दोघांचं काम जवळपास उलटं, एक क्लोरीन देतो, दुसरा क्लोरीन मारतो. तसंच "सोडा", कोणी कॉस्टिकला म्हणतं, कोणी सोडा ॲशला, आणि कॉस्टिकने हात सोलून निघतो. "पावडर" म्हणजे क्रोमवाल्यांसाठी क्रोमिक ॲसिडचे लाल खडे आणि बफिंगवाल्यांसाठी पॉलिशची पावडर. मग मी असं केलं की वर मोठ्या अक्षरात शॉपमधलं नाव, पण एका नावाला एकच माल, आणि खाली पूर्ण केमिकल नाव, टक्केवारी, आणि कॅस नंबर, म्हणजे जगभर त्या केमिकलचा जो ओळख नंबर असतो तो. हायपोक्लोराइटला "हायपो" ठेवलं कारण तीस माणसं तेच म्हणतात, आणि माझ्या बाटलीचं बदलून "थायो" केलं. एचसीएलचा कॅस नंबर ७६४७-०१-०, हायपोचा ७६८१-५२-९, हे कोणी पाठ करणार नाही, पण हॉस्पिटलला फोनवर सांगता येतं. वाहतुकीत घातक मालावर असतो तो युएन नंबर पण टाकणार होते, मग बघितलं तर एचसीएलचा १७८९ आणि हायपोचा १७९१, ज्या दोघांनी आमचा माणूस मारायचाच बाकी ठेवला होता त्यांचे नंबर इतके शेजारी, म्हणून आतल्या कॅनवरून नंबर काढला, ट्रकवर राहू दे.

धोक्याची चित्रं जीएचएसची, युनायटेड नेशन्सची जी जगभर चालतात, लाल चौकट टोकावर उभ्या चौकोनाची, आत काळं चित्र, एकूण नऊ. मी आठ वर्षं ती बघतेय त्यामुळे मला वाटायचं ती आपोआप कळतात. छापायच्या आधी एका जेवणाच्या सुट्टीत प्रिंट काढून पोरांना दाखवलं आणि फक्त विचारलं, हे काय आहे. कवटी सगळ्यांनी ओळखली. ज्वाळा ओळखली. हातावर नळीतून थेंब पडतोय ते चित्र, म्हणजे जाळणाऱ्या ॲसिडचं, त्याला पाच जणांनी सांगितलं "हात धुवा". अक्षरशः. त्यांना वाटलं पाणी पडतंय. छातीत चांदणी फुटलेला माणूस, जो कॅन्सर आणि फुफ्फुसाच्या धोक्याचा आहे, त्याला एक म्हणाला "ताकद येते". आणि वर्तुळावर ज्वाळा, ती ऑक्सिडायझरची, ती सगळ्यांना साधी आगच वाटली, त्यात फरक असा की क्रोमिक ॲसिड स्वतः पेटत नाही पण थिनर, तेलाची चिंधी जवळ आली तर तिला पेटवतं. मी वही मिटली आणि ठरवलं की चित्राखाली दोन-तीन शब्द हवेतच, मराठी आणि हिंदी दोन्ही, आणि ते शब्द पुस्तकातले नकोत.

शासकीय मराठीत शब्द आहेत, क्षरणकारी, ऑक्सिडीकारक, कर्करोगजनक. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये तेच घातले होते. प्लेटिंगवरचे जे सगळ्यात जुने दादा आहेत, तीस वर्षं क्रोमवर, त्यांना वाचायला दिलं, त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, वाचलं मी, पण करायचं काय?" मग त्यांच्यासोबतच बसून बदललं. क्षरणकारीचं झालं "कातडी जाळतं, डोळा जातो". ऑक्सिडीकारकचं झालं "आग भडकवतं, थिनर-तेल-चिंध्या लांब". हायपोवर "ॲसिड घालू नका, जीवघेणा गॅस". सल्फ्युरिकवर "पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी घालू नका". आणि सगळ्यात वर एकच शब्द, जास्त वाईट असेल तर "धोका", कमी असेल तर "सावधान", हिंदीत "खतरा" आणि "सावधान". ईटीपीवरचं पोरगं तोवर कामावर परत आलं होतं, हिंदी त्याने तपासली. मी "त्वचा" लिहिलं होतं, तो म्हणाला, "दीदी, चमड़ी लिखिए."

क्रोमवर मात्र अडलं. क्रोमिक ॲसिडला पाच चित्रं येतात, ऑक्सिडायझर, कवटी, जाळणारं, छातीवाला माणूस, आणि मेलेला मासा-झाड. आणि छातीवाल्याखाली मी लिहिलं होतं "कॅन्सर होऊ शकतो". साहेबांनी प्रूफ बघितलं आणि म्हणाले हा शब्द काढ, आरोग्यास घातक लिही, पोरं घाबरून सोडून जातील, आणि बाहेरून कोणी आलं तर काय वाटेल. मी समजू शकते त्यांची काळजी, माणसं मिळत नाहीत हे खरंच आहे. पण आरोग्यास घातक तर सिगारेट पण आहे आणि वडापाव पण आहे असं लोक म्हणतात, त्याने कोण मास्क घालणार. क्रोमिक ॲसिडमध्ये असतं ते सहा व्हॅलन्सीचं क्रोम श्वासातून फुफ्फुसाचा कॅन्सर करतं हे जगभर मान्य झालेलं आहे, त्यात माझं मत असं काही नाही. आठवडाभर ते प्रूफ टेबलावर पडून होतं.

मग एक दिवस दादा लॅबमध्ये आले, दार लोटलं आणि म्हणाले, "मॅडम, टॉर्च आहे का?" मोबाइलचा टॉर्च लावला, त्यांनी मान वर केली आणि नाक दाखवलं. आतला पडदा आहे ना दोन नाकपुड्यांच्या मधला, त्याला आरपार भोक होतं. एकीकडून टॉर्च धरला की दुसरीकडून उजेड दिसत होता. क्रोमच्या वाफेने असं होतं, पुस्तकात आहे, मी वाचलेलं होतं, तीस वर्षं जुना माणूस रोज समोर असताना मी कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटायचं जुनी सर्दी आहे, खपली धरते, रक्त येतं, आधीच्या कारखान्यात होते तेव्हापासून. ते म्हणाले, "तुम्ही त्या कागदावर नाकाचं लिहिलंय ते वाचलं तेव्हा कळलं मला. साहेबांना सांगा, लिहा म्हणावं कॅन्सर. मला कोणी लिहून दिलं नव्हतं." मी त्यांना घेऊनच केबिनमध्ये गेले. टॉर्च परत लावला. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग प्रूफवर सही केली. त्यानंतर क्रोमच्या टाकीवरचा एक्झॉस्ट पण दुरुस्त झाला, जो दीड वर्ष बंद होता, आणि दादांची नाक-घसा तपासणी झाली आणि मग क्रोमवरच्या सगळ्यांची. सोडून कोणी गेलं नाही. एकाने फक्त विचारलं की मास्क कोणता चांगला.

आता चिकटवणं. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण इथे माझा एक महिना गेला. पहिल्यांदा साध्या कागदावर कलर प्रिंट काढून सेलोटेपने लावलं. ॲसिडच्या वाफेत आणि ओल्या हातांत आठव्या दिवशी कागद पिवळा, शाई पसरलेली, लाल चौकट गुलाबी. मग लॅमिनेशन केलं, कडेने पाणी आत शिरलं. मग शालिमारच्या बाजूला एका प्रिंटिंगवाल्याकडे गेले, त्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला विनाइल घ्या आणि वरून क्लिअर फिल्म, आणि गोंद जास्त ताकदीचा घ्या कारण हे जे निळं प्लास्टिक असतं त्याला काहीच धड चिकटत नाही. ते खरंच आहे, तेलकट नसलं तरी त्याचा पृष्ठभागच तसा असतो. लावायच्या आधी कॅन धुवून पूर्ण वाळवायचा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायचा, मग दाबून लावायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. मापासाठी युरोपच्या नियमातलं कोष्टक धरलं, आपल्याकडे तसं बंधन नाही पण काहीतरी मोजमाप हवं होतं, ३ लिटरपर्यंत ५२ बाय ७४ मिलिमीटर, ५० लिटरपर्यंत ७४ बाय १०५, त्यापेक्षा लहान नको. मी ३५ लिटरच्या कॅनला त्याच्या दुप्पट घेतलं, कारण आमच्या शेडमध्ये उजेड कमी आहे.

आणि लेबल झाकणावर लावायचं नाही, कधीच नाही. झाकणं एकसारखी असतात, धुताना बदलतात. पोटावर लावायचं, दोन बाजूंनी, म्हणजे कॅन कसाही फिरवून ठेवला तरी एक दिसेल, आणि ओतताना ओघळ ज्या बाजूने येतो ती बाजू सोडून. मगला आणि लहान बाटल्यांना टॅग, आधी जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या) तारेने बांधले, ॲसिडच्या वाफेने दोन आठवड्यांत तार गंजून तुटली, आता नायलॉनचे केबल टाय आहेत. टाक्यांवर मोठे प्लास्टिकचे बोर्ड.

टाक्यांवरून आठवलं, पातळ केलेल्या ॲसिडचा प्रश्न. सल्फ्युरिक १५ टक्क्यांच्या वर असेल तर जाळणारं, ५ ते १५ मध्ये असेल तर नुसती आग-आग करणारं, असं वर्गीकरण आहे, म्हणजे १० टक्क्यांच्या टाकीला खरं तर सौम्य लेबल चाललं असतं. मी नाही लावलं. टाकीत रात्रपाळीला कोण किती टॉप-अप करतं हे सकाळच्या टायट्रेशनशिवाय कळत नाही, मग लेबल खालच्या आकड्यावर का ठेवायचं. तसंच अमेरिकेच्या नियमात एक सूट आहे, ज्याने ओतून घेतलं त्यानेच लगेच त्याच पाळीत वापरलं तर त्या भांड्याला लेबल नसलं तरी चालतं. एका सप्लायरच्या माणसाने मला ती सूट सांगितली, चांगल्या मनाने सांगितली. पण आमच्याकडे माणूस मगात ओतून घेतो, चहाची बेल होते, तो भरलेला मग कठड्यावर राहतो आणि दुसरा माणूस येतो. म्हणून मगला पण टॅग. पाण्याच्या आणि कोल्डड्रिंकच्या बाटलीत केमिकल दिसलं तर ती बाटली तिथल्या तिथे जप्त, यावर मी कोणाचं ऐकत नाही, मेंटेनन्सवाले दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते.

लेबलच्या खाली मी एक ओळ रिकामी ठेवली, "भरल्याची तारीख", ती मार्करने लिहायची. हायपोसाठी ती फार महत्त्वाची आहे, ते उन्हात आणि उष्णतेत मोडत जातं, आणलं तेव्हा १०-१२ टक्के असतं, एप्रिल-मेमध्ये नाशिकला शेडच्या मागे ठेवलं तर किती राहील सांगता येत नाही, आणि त्यातून गॅस सुटतो म्हणून झाकण हवा जाणारं लागतं. तारीख लिहायला लागल्यापासून ईटीपीचं पोरगं जुना कॅन आधी वापरतं आणि सायनाइडचे रीडिंग पण पहिल्यासारखे वर-खाली होत नाहीत. आणि ॲसिडचे कॅन आता शेडच्या एका टोकाला, हायपो आणि सायनाइड दुसऱ्या टोकाला, मध्ये भिंत. लेबल लावल्यावर दोन शत्रू शेजारी बसलेत हे डोळ्यांना दिसायला लागलं, म्हणून ते हलवणं झालं, नाहीतर मी कितीही सांगितलं असतं तरी जागा नाही हेच उत्तर होतं.

जानेवारी उजाडला तोवर. त्यानंतर एकदा ईटीपीच्या पोराला ताप होता म्हणून मी आणि स्टोअरचे काका चुंचाळेकडे त्याच्या खोलीवर गेलो डबा घेऊन. चार पोरं राहतात एका खोलीत. मोरीत पाणी भरून ठेवलेला निळा कॅन, ३५ लिटरचा, आणि त्याच्यावर अर्धवट फाटलेल्या स्टिकरवर १७९१ दिसत होतं. मी विचारलं कुठून आणला, म्हणाला भंगारवाल्याकडून, शंभर रुपयांना, सगळेच वापरतात दीदी. पिण्याचं नाही म्हणाला, अंघोळीचं. काका माझ्याकडे बघायला लागले, कारण आमचे रिकामे कॅन कोण विकतं हे त्यांना माहीत होतं, तेच विकत होते, स्टोअरच्या चहापाण्याला, वर्षानुवर्षं, त्यात काही चुकीचं आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्या कॅनमध्ये हायपो होतं हे नशीब. शेजारच्या खोलीतल्या कॅनमध्ये काय होतं ते त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं.

केमिकल लागलेले रिकामे कॅन हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत ३३.१ क्रमांकावर आहे, तो परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचा, ९० दिवसांच्या वर साठवायचा नाही, आणि त्याचं लेबल वेगळं असतं. आम्ही आता कॅन तीनदा धुतो, ते पाणी ईटीपीला, आणि गेटबाहेर जायच्या आधी बुडाला ड्रिलने दोन भोकं पाडतो म्हणजे परत कोणी त्यात पाणी भरणार नाही. चुंचाळ्यातल्या त्या दोन खोल्यांचे कॅन काकांनी स्वतःच्या पैशाने नवीन ड्रम देऊन परत आणले. भोकं पाडायच्या पहिल्या दिवशी ड्रिल त्यांनीच हातात घेतलं, पहिला कॅन उलटा केला आणि मला विचारलं, "ताई, हे आपलं स्टिकर पण खरवडायचं ना आता?" एवढ्या मेहनतीने चिकटवलेलं, निघता निघत नव्हतं. हो म्हटलं, काका, आत काही नाही ना आता, मग नाव पण नको. पत्र्याच्या पट्टीने खरवडत बसलो दोघं, एका कॅनला दहा मिनिटं लागत होती.